ताईची बाजू

धाकटी साठीला टेकली तरी धाकटीच राहिली. गल्लीतली पोरं तिला धाकटी मावशी म्हणत, कपडे शिवायला टाकणाऱ्या बायका धाकट्या बाई म्हणत, आणि नवरा तर पहिल्यापासून नुसतं धाकटी म्हणायचा. त्याने तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती ताईच्या खांद्याआडून डोकावत होती, म्हणून.

तिचं शिवणकामाचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. गेल्या वर्षी एका मुलीने पळायची पँट आखूड करायला दिली. हलकी, सुळसुळीत, हातात धरली तरी निसटून पळेल अशी. धाकटीने टिपा घातल्या, दोरा तोडला आणि पँट मांडीवर घेऊन बसून राहिली. मशीन बंद होतं, पण तिचे पाय खाली आपले चालूच.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती नदीकाठच्या रस्त्यावर उभी होती. सकाळी त्या रस्त्यावर आता गाड्या सोडत नाहीत. लग्नाआधी दोघी बहिणी रोज इथेच पळायच्या, तेव्हा मात्र दुधाचे ट्रक धडधडत अंगावर यायचे. आईची सक्त ताकीद होती: धाकटीला आतल्या बाजूला घे. म्हणून ताई उजवीकडे, ट्रकांच्या बाजूला, आणि धाकटी डावीकडे, कठड्याला लागून; कठडा रस्त्याच्या दोन्ही कडांना होता. जातानाही तसंच, येतानाही तसंच.

ताईला सिनेमा पाहायला मिळाला की ती पळता पळता सगळी गोष्ट सांगायची, आणि चढ आला की नेमकी अडवायची. "पुढचं वर गेल्यावर," एवढंच म्हणायची. मग काय, नायिकेचं झालं काय हे कळायला धाकटी जीव तोडून चढायची. वर पोचल्यावर ताई दोन श्वास घेऊन सांगायची, तिचं काही झालं नाही, ती बेशुद्ध पडली होती. धाकटीला वाटायचं हिला ढकलून द्यावं नदीत. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच चढ आणि पुन्हा तेच फसणं. ताईचा कोपर मधूनमधून तिच्या दंडाला लागायचा. ताईच्या श्वासाला बारीक शीळ होती, ती कानात असली की धाकटीचे पाय आपोआप तालात पडत. मग ताई लग्न होऊन दूर गेली, आणि एकटीने काय पळायचं म्हणून धाकटीनेही सोडलं.

इतक्या वर्षांनी पाऊल टाकलं आणि ते सगळं परत आलं. पहिल्या आठवड्यात ती घरी आली की नवऱ्याला वाटायचं हिला काहीतरी बक्षीस लागलंय. हळूहळू अंतर वाढलं. दोघींचा जुना पल्ला होता थेट दुसऱ्या पुलापर्यंत. तिने तोच डोक्यात घेतला.

आणि मग डावा गुडघा बोलायला लागला. बाहेरच्या बाजूने, कुणी सुई टोचावी तसा. बरोबर बंद पडलेल्या बेकरीच्या फाटकाशी सुरू व्हायचा आणि घरी जिना उतरताना तर देव आठवायला लावायचा.

"गुडघा म्हणजे मशीनचा पट्टा नव्हे," नवरा म्हणाला, "तुटला की नवा टाकला."

"तुमची कंबर धरली तेव्हा मी काही बोलले होते का?"

"महिनाभर बोलत होतीस."

शेवटी ती फिजिओकडे गेली. फिजिओ म्हणजे एक चुणचुणीत मुलगी, बोलताना सतत कुणाचा ना कुणाचा पाय वाकवणारी. तिने गुडघा तपासला, मग धाकटीचे बूट मागितले आणि उलटे करून टेबलावर मांडले.

"काकू, बघा. डाव्याचा तळ बाहेरून झिजलाय, उजव्याचा आतून. दोन्ही बूट एकाच बाजूला कललेत."

धाकटी बघतच राहिली. कुणाचा खांदा उतरता आहे, कुणाची कंबर तिरकी आहे हे ती टेप लावायच्या आधीच सांगायची, आणि स्वतःचे बूट रोज दाराशी काढून ठेवत होती.

"रस्ता मधे उंच असतो, कडेला उतरता. पाणी वाहून जावं म्हणून," फिजिओ म्हणाली. "तुम्ही रोज डाव्या कडेने पळता ना? येतानाही?"

"हो."

"सगळा रस्ता रिकामा असताना?"

"सवय आहे गं."

"मग मोडा ती. थोडे दिवस पळणं कमी, हे व्यायाम रोज, आणि पळाल तेव्हा मधून पळा, सपाटीवरून. असंच कडेने चालू ठेवलंत तर मी काही करू शकणार नाही. पोहायला लागा मग."

धाकटीला पोहायला येत नव्हतं, आणि शिकायची तर बिलकुल इच्छा नव्हती.

व्यायाम तिने मन लावून केले. भिंतीला टेकून, पाय उचलून, मशीनवर बसल्या बसल्यासुद्धा. पण मधून पळणं काही जमेना. मधोमध सुरुवात करायची, दोन वळणं गेली की कठडा हाताशी. कधी सरकली तेही कळायचं नाही. ती परत मधे यायची आणि तिला उगाच चोरी केल्यासारखं वाटायचं, कारण मधली जागा ताईची होती. कडेने पळलं की उजवा दंड कसा तयार असायचा, आत्ता कोपर लागेल म्हणून. मधून पळताना दोन्ही बाजूंना नुसता रस्ता. गुडघा काही ऐकायला तयार नव्हता, आणि ती ताईला सोडायला.

त्यात ताई राहायला आली. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, हातात काठी, आणि जीभ पूर्वीइतकीच धडधाकट. आल्या आल्या तिने धाकटीच्या गुडघ्यावरची बर्फाची पिशवी पाहिली.

"हे काय गं?"

"पळते मी. परत."

"आणि मला फोनवर सांगितलं नाहीस?"

"तुझा खुबा मोडलेला. कसं सांगू?"

"माझ्या खुब्याने तुझं काय घोडं मारलंय? उद्या मी येणार बघायला."

दुसऱ्या दिवशी ताई नदीकाठच्या बाकावर बसली. धाकटी तिच्यासमोरून थोडं लांब जाऊन पळत परत आली. ताईने काठी कठड्याकडे रोखली.

"तू तिथे चिकटून का पळतेस?"

"अशीच."

"खोटं बोलताना तू कानामागे केस सारतेस. बोल."

मग धाकटीने बूट, उतरता रस्ता, पोहणं, सगळं सांगितलं. शेवटचं सांगायला मात्र तिला नदीकडे बघावं लागलं.

"मधे तू असायचीस ना. मी मधे आले तर तू कुठे राहणार?"

ताईने काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाली, "मी? मी तर ही इथे आहे, सकाळी तुझ्याकडचा दोन माणसांचा नाश्ता एकटीने खाऊन. आणि त्या जागेची मला काय हौस होती? आईने उभं केलं म्हणून होते. ट्रक आला की मला वाटायचं, आज काही मी घरी पोचत नाही. मी सिनेमाच्या गोष्टी कशाला सांगायचे, तुला वाटतं?"

"मला पळवायला."

"माझा आवाज मला ऐकू यावा म्हणून. चल, सरक. कड मला दे. मला धरायला कठडा लागतो."

ती उठली, कठडा धरून उभी राहिली. धाकटी अवघडून तिच्या उजवीकडे आली. दोघी चालायला लागल्या. ताईची काठी टकटक, धाकटीचे बूट बिनआवाज. डाव्या बाजूला ताई असणं इतकं विचित्र होतं की धाकटी दोनदा अडखळली.

"आता जा," ताई म्हणाली. "माझ्या चालीने गेलीस तर जेवायची वेळ होईल."

"तू थांब हं बाकावर."

"मला शिकवू नकोस. जा."

धाकटी निघाली. मधून. पायाखाली सपाट रस्ता, डाव्या हाताला मागे पडत जाणारी टकटक. बेकरीचं फाटक आलं. तिने श्वास रोखला आणि फाटक गेलं. गुडघा गप्प होता. पुढच्या वळणाशी तो जरासा कुरकुरला, टोचला नाही. दुसरा पूल तिथून दिसत होता. पाय म्हणत होते चल. फिजिओचं तोंड डोळ्यांसमोर आणून ती मोठ्या कष्टाने वळली.

वळली आणि समोर लांबवर कठड्याला धरून कुणीतरी येत होतं. बाकावर बसायची नाहीच ती. धाकटीने आयुष्यभर या रस्त्यावर ताईला बाजूने पाहिलं होतं. एक कान, एक गाल, हलणारा कोपर. समोरून येणारी ताई ती पहिल्यांदाच बघत होती: लालबुंद चेहरा, गच्च मिटलेले ओठ, आणि प्रत्येक पावलाला कठड्यावर पुढे सरकणारा हात.

"परत का आलीस?" जवळ येताच ताई धापा टाकत म्हणाली.

"आजच्यापुरतं पुरे म्हणाला गुडघा."

"दुखला?"

"नाही. नुसता कुरकुरला."

"मग तू घरी हो. माझं अजून व्हायचंय, त्या फाटकापर्यंत."

धाकटी पुन्हा वळली आणि रस्त्याच्या मधून, ताईच्या चालीने चालू लागली.