उजव्या दाराची कडी

मित्रांनो, आधी नाकाला रुमाल लावा, कारण मी सांगणार आहे त्या गोष्टीला वास येतो. मी मालगाडीच्या एका वाघिणीच्या उजव्या दाराची जुनी कडी आहे. वाघीण म्हणजे माल वाहणारा बंद डबा. नावाला घाबरू नका, तिने कधी कुणाला इजा केली नाही. सध्या मी रेल्वे फाटकाशेजारच्या भंगाराच्या ढिगात पडून आहे. वर गंज, खाली चिखल आणि शेजारी एक फुटका कंदील, असा माझा संसार आहे.

माझा जन्म एका कारखान्याच्या भट्टीत झाला. मला घडवणारा लोहार फारसा बोलत नसे. त्याने मला कोयंड्यात घातले, पुन्हा पुन्हा सरकवून पाहिले आणि शेजारच्याला म्हणाला, "बंद काय, कुठलीही कडी होते. उघडताना कशी वागते ते बघायचं." तेव्हा मला त्यात विशेष काही वाटले नाही. पुढे मात्र हे वाक्य ऐकायला माझे कान तरसले.

सुरुवातीचे दिवस मजेचे होते. सिमेंट, धान्य, कापडाच्या गाठी, काय काय आम्ही वाहून नेले! मालधक्क्यावर, म्हणजे जिथे वाघिणीतला माल चढवतात-उतरवतात त्या उंच ओट्यावर, गाडी लागली की हमाल आधी माझ्याकडे येत. अंगठ्याने ढकलले की मी सरकत असे. "लोण्यासारखी आहे बघ," असे ते एकमेकांना सांगत. मला फुशारकी मारायची नाही, पण तेव्हा आमच्या दाराशी माल ताटकळत नसे.

आमच्याकडे नेमाने येणाऱ्यांत एक केळीची व्यापारी बाई होती. धक्क्यावर सगळे तिला काकू म्हणत. ती कच्ची, हिरवीगार केळी दूरच्या शहरात पाठवायची. घड नीट रचलेत का, वारा यायच्या झडपा उघड्या आहेत का, सगळे स्वतः चढून पाहायची. मग दार लावून माझ्यावर थाप मारायची आणि म्हणायची, "चल गं बाई, वेळेवर पोहोच." तिच्या दिराचा ट्रकचा धंदा होता. तो हसून चिडवायचा, "वहिनी, घरचे ट्रक दारात उभे आणि तुम्ही त्या लोखंडी कासवाच्या मागे!"

"भावोजी," काकू म्हणायची, "तुमचे दोन ट्रक मिळून नेतात, तेवढं माझं कासव एकटं नेतं. आणि वळणावर उलटत नाही."

मला ती फार आवडायची.

मग एके दिवशी त्या दूरच्या शहराच्या धक्क्यावर एका हमालाची भरलेली हातगाडी उतारावरून सुटली आणि माझ्यावर आदळली. मी जराशी वाकले. फार नाही हो, बोटाच्या पेरभर. हातोडीचे दोन घाव आणि तेलाचे चार थेंब, एवढेच माझे औषध होते. धक्क्याच्या मुकादमाने मला ओढून पाहिले. मी हलले नाही. तो म्हणाला, "डावीकडचं दार उघडतंय ना? मग झालं तर." आणि तो चहा प्यायला गेला.

मित्रांनो, मला त्या "झालं तर"ची शिसारी आहे. अपघात कुणाच्याही वाट्याला येतो, त्याचे मला वाईट वाटत नाही. पुढे जे घडले, ते मात्र माणसांनी डोळे उघडे ठेवून केले.

झाले असे, की तो शहरातला मालधक्का उजव्या बाजूला होता, आणि उजवीकडे मी अडून बसलेली. डावीकडे रूळच रूळ, त्यांवर रिकाम्या वाघिणी उभ्या. मग काय करायचे? छोटे शंटिंगचे इंजिन बोलवायचे. त्याने आमची वाघीण गाडीतून सोडवायची, पार टोकापर्यंत ओढायची, रूळ बदलायचे आणि पलीकडच्या ओट्याला आणून लावायची. अर्धा दिवस त्यात जाई. इंजिन खर्ची, चालक खर्ची, झेंडी दाखवणारे खर्ची, डिझेल खर्ची, आणि हे दर खेपेला! एवढा खटाटोप का, तर हातोडी उचलायची नाही म्हणून. काही वर्षांनी नवे लोक कामावर आले, तेव्हा मुकादम त्यांना मोठ्या तोऱ्यात शिकवू लागला, "ही डाव्या दाराची वाघीण बरं का. हिची तऱ्हा वेगळी." माझ्या दुखण्याची त्यांनी रीत करून टाकली.

दुरुस्तीच्या शेडमध्ये मी अनेकदा गेले. वाघीण भरलेली असताना मिस्त्री म्हणे, "भरल्या वाघिणीला आम्ही हात लावत नाही." रिकामी असताना म्हणे, "रिकामीच आहे की, हिची तक्रार कोण करणार?" तपासनीस येई, दार गदागदा हलवी आणि खूश होऊन म्हणे, "घट्ट आहे. उत्तम!" दार घट्ट बंद आहे, एवढेच त्याला बघायला सांगितले होते. ते उघडते का, हे विचारायचे कुणाच्या डोक्यातच आले नव्हते.

वर दरवर्षी कार्यक्षमता सप्ताह यायचा. त्या आठवड्यात आम्हाला रंग फासत. आधीच्या गंजावर तपकिरी, तपकिरीवर हिरवा, हिरव्यावर निळा. मी कोयंड्यासकट रंगाखाली चिणले गेले. शेवटी दारावर पांढऱ्या अक्षरांत लिहिले, "जलद, स्वस्त, खात्रीशीर". त्यातल्या "जलद"चा ज नेमका माझ्या अंगावर आला. मला तोंड असते तर मी थुंकले असते.

एकेक करून गिऱ्हाईक गळू लागले. सिमेंटवाला गेला, कापडवाला गेला. धक्क्यावर उभे राहून मालबाबू, म्हणजे तिथला माल नोंदणारा कारकून, मुकादमाला म्हणाला, "लोकांना हल्ली धीरच राहिला नाही."

"ट्रकवाले भाव पाडतात," मुकादम म्हणाला.

"यंदा फलक मोठा लावू."

आणि त्यांनी खरोखरच फलक मोठा लावला. मी त्यांच्या हाताच्या अंतरावर होते.

काकू मात्र टिकून होती. त्या हंगामात तिला शहरातल्या एका मोठ्या व्यापाऱ्याने शब्द दिला होता, की एक खेप हिरवी आणि वेळेवर आली, तर वर्षभराचा सगळा माल तुमच्याकडून घेऊ. दिराने पुन्हा विनवले, "वहिनी, ही एक खेप तरी ट्रकने न्या. एवढी मोठी संधी आहे." काकू म्हणाली, "इतकी वर्षं जिने नेलं तिला आता सोडू? ही खेप चुकली तर मी पुन्हा रेल्वेचं नाव काढणार नाही. मग तर झालं?" आमच्याकडे दोन्ही बाजूंना ओटे होते, म्हणून माल डाव्या दाराने चढला होता; तरी ती वळसा घालून आली आणि तिने माझ्यावर थाप मारली. रंगाचा एक पोपडा उडाला.

गाडी शहरात अगदी वेळेवर पोहोचली. हे मी मुद्दाम सांगते. रूळ चांगले होते, इंजिन चांगले होते, चालकाने जिवापाड गाडी हाकली होती. काकू आदल्या दिवशीच बसने येऊन धक्क्यावर उभी होती. व्यापाऱ्याची माणसेही टोपल्या घेऊन आली होती. हमालांनी माझ्याकडे पाहिले आणि खाली बसून तंबाखू मळायला घेतली.

"अहो, उघडा की!" काकू म्हणाली.

"हे दार उघडत नाही, काकू. इंजिन आलं की पलीकडे लावू."

"मग बोलवा इंजिन."

मालबाबूने घसा साफ केला. कार्यक्षमता सप्ताह चालू होता. मोठे साहेब पाहणीला येणार होते. त्यांच्या डब्याला जोडायला शंटिंगचे इंजिन नेले होते आणि त्याला रंगीत पताका बांधायचे काम चालले होते.

"पताका?" काकूने विचारले. "मग दारच उघडा ना. पहार आणा, मी ठोकते."

मुकादम आडवा आला. "हात लावू नका हं. सरकारी वस्तू आहे. उगाच झंझट होईल." मालबाबूने समजूत घातली, "दुपारपर्यंत येईल इंजिन."

काकू नियमाने वागणारी बाई. तिने शब्दावर विश्वास ठेवला आणि माझ्यासमोर एका खोक्यावर बसली. दुपार गेली, संध्याकाळ झाली. व्यापाऱ्याची माणसे रिकाम्या टोपल्या घेऊन निघून गेली. दुसरा, तिसरा, चौथा दिवसही रणरणत्या उन्हात गेला. आत पत्रा तापला आणि केळी भराभर पिकू लागली. आधी गोड वास आला, मग उग्र, मग आंबूस. दाराच्या फटीतून काळपट रस झिरपू लागला आणि माझ्या अंगावरून "जलद"वर ओघळला. माशा घोंगावू लागल्या. हमाल तोंडावर फडके धरून लांब सरकले. काकू तेवढी जागची हलली नाही.

इंजिन आले ते साहेबांचा डबा घेऊनच. साहेब उतरले आणि नाकाला रुमाल लावत म्हणाले, "हा वास कसला?"

"सर, माल वेळेवर आला होता," मालबाबू म्हणाला. "पार्टीनं उचलला नाही."

मित्रांनो, सडलेल्या केळीची घाण मी सोसली होती. हे वाक्य मात्र मला सोसले नाही.

काकू उठली. धक्क्याच्या कडेला पडलेली पहार तिने उचलली आणि कुणी काही म्हणायच्या आत माझ्यावर घाव घातला. निळा रंग उडाला. दुसऱ्या घावाला हिरवा आणि तपकिरी फुटला. तिसऱ्या घावाला मी सरकले. मित्रांनो, मी सरळ सरकले! दार धाडकन उघडले आणि आतला सगळा काळा, बुळबुळीत लगदा धक्क्यावर कोसळला. साहेबांचे चकचकीत बूट त्यात घोट्यापर्यंत बुडाले.

"उघडतं की हो दार," काकू म्हणाली. तिचा आवाज अगदी हळू होता.

मुकादम पुटपुटला, "काकू, सरकारी वस्तूचं नुकसान झालं ना..."

तिने पहार त्याच्या पायाशी टाकली आणि मागे वळून न पाहता निघून गेली. तिच्या हातचा तो सौदा गेला आणि आमच्या हातची काकू गेली.

तुम्हाला वाटेल, आता तरी लोक शहाणे झाले असतील. त्यांनी चौकशी केली. निष्कर्ष असा निघाला, की हे दार एकाएकी उघडते आणि ते धोक्याचे आहे. म्हणून मला गॅसने कापून काढले आणि ते दार कायमचे झाळून टाकले. वर नवा पिवळा रंग दिला. मला इथे फेकले.

काल फाटक बंद झाले. माझी वाघीण खडखडत गेली, पुरती रिकामी, अंगावर ताजे "जलद, स्वस्त, खात्रीशीर". फाटकापाशी काकूच्या दिराचा ट्रक केळी भरून थांबला होता. शेजारी काकू बसली होती. दिराने या वेळी चिडवले नाही. तो नुसते म्हणाला, "वहिनी, तुमचं कासव."

काकूने एकदा वाघिणीकडे पाहिले. "रिकामी पळवतायत," ती म्हणाली आणि तोंड फिरवले.

मित्रांनो, मला उचलून नेऊ नका आणि आता तेलही लावू नका. माझे दिवस संपले. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल, कुणी मिस्त्री व्हाल, कुणी मुकादम, कुणी साहेब. तुमच्याही हाताशी एखादी वाकलेली कडी असेल. तिच्यावर रंग देऊ नका. तिला उघडून बघा, आणि नाही उघडली तर त्याच दिवशी हातोडी आणा. कारण समोर खोक्यावर बसलेले माणूस एकदाच उठून जाते.

फाटक उघडले. ट्रक निघून गेला. त्याच्यामागून हिरव्या, ताज्या केळीचा वास बराच वेळ येत राहिला.