टोपीखालचा मासासॉगा

फोटो: चतुर, लव्हाळ्याच्या शेंड्यावर, पंख पसरून.
फोटो: बेडूक, नाकापर्यंत शेवाळात.
फोटो: ठिपक्यांचं कासव, ओंडक्यावर मान ताणून.
फोटो: पुन्हा चतुर. पुन्हा बेडूक.

वर्ना डायकेमाच्या कॅमेऱ्यात मिशिगनचा अख्खा उन्हाळा भरला होता आणि त्यातलं काहीएक कामाचं नव्हतं. तिला हवा होता मासासॉगा. करडा, हातभर लांबीचा, खुळखुळ्या शेपटीचा विषारी साप, आता दुर्मिळ म्हणून कायद्याने राखलेला. जिवंत मासासॉगा या पाणथळीत आहे, असा यंदाचा फोटो आज संध्याकाळी गावसभेपुढे ठेवला, तर शेजारच्या खडीच्या खाणीला इकडे पसरायची परवानगी मिळणार नव्हती. नाही ठेवला, तर सोमवारी पंप लागणार, पाणी उपसलं जाणार. मेलेला साप चालणार नव्हता. रस्त्यावर चिरडलेला कुणीही उचलून आणून टाकेल.

"तुझा साप सुटीवर गेलाय," ऑर्लो म्हणाला. तिचा धाकटा भाऊ. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तरी काठी टेकत सकाळपासून तिच्यामागे गवत चाळत होता. "तलावावर पडला असेल बियर पीत."

"तोंड बंद ठेव आणि पायाखाली बघ."

"बघतोय ना. माझेच बूट दिसतायत. जुने झालेत, हेही दिसतंय."

फोटो: काही नाही. गवत.
फोटो: काही नाही. वर्नाची सावली.

तो दिसला ऐन दुपारी, खाणीच्या कुंपणापाशी, चिखलखेकड्याच्या बिळाकडे सरकताना. डोकं बिळात जाणार तोच वर्नाने साप धरायच्या आकडीने त्याला मागे ओढलं, उघड्या खडीवर घेतलं आणि डोक्यावरची टोपी काढून त्याच्यावर झाकली.

सापांचे फोटो काढणारे सगळेच हे करतात. अंधार झाला की सापाला बीळ मिळाल्यासारखं वाटतं. तो वेटोळं घालतो, शांत होतो. मग टोपी अलगद उचलायची.

तिने उचलली.

फोटो: करडा पट्टा, हललेला.

पुन्हा झाकली. पुन्हा उचलली.

फोटो: करडा पट्टा. शेपटी चौकटीबाहेर.

"बास झालं की," ऑर्लो म्हणाला. "सापच आहे, कळतंय."

"मागच्या वर्षीही कळत होतं. खाणवाल्यांचा वकील म्हणाला, ही बागेची नळी असू शकते. सगळी सभा हसली. तूही हसलास."

"विनोद बरा होता, वर्ना."

"डोकं दिसलं पाहिजे. खुळखुळा दिसला पाहिजे. मागे खडीचा ढीग दिसला पाहिजे, म्हणजे जागेवरून वाद नको."

"मग निदान सावलीत घे त्याला. खडी तापलीय, माझ्या बुटातून लागतेय."

"सावलीतून ढीग दिसत नाही."

झाकली. उचलली. पट्टा. झाकली. या खेपेला जरा जास्त वेळ ठेवू, नीट शांत होऊ दे, असं तिने ठरवलं आणि गुडघ्यांवर बसून राहिली. घाम डोळ्यांत उतरत होता. टोपीखालून खुळखुळा वाजत होता. मग थांबला. तिला हायसं वाटलं.

फोटो: मासासॉगा. सुरेख वेटोळं, डोकं वेटोळ्यावर टेकलेलं, खुळखुळा पुढे, पाठीवरचा एकेक डाग मोजून घ्यावा असा. मागे खडीचा ढीग.

ती एकामागून एक काढत गेली. कधी नव्हे इतका शहाणा साप.

"जीभ काढत नाहीये गं," ऑर्लो म्हणाला.

वर्नाने कॅमेरा खाली केला. आकडीने हळूच ढोसलं. वेटोळं ओल्या दोरीसारखं सुटलं. तिने त्याला उचललं, चालत नव्हे, धावत पाण्यापाशी नेलं, ओंजळीने पाणी घातलं, सावलीत ठेवलं, पुन्हा पाणी घातलं. ऑर्लोने पोटावरून बोट फिरवलं. आत लहान लहान गाठी लागल्या.

"मादी आहे. गाभण," तो म्हणाला. मग बोट मागे घेतलं.

गाडीत तिने फोटो पुन्हा पुन्हा मागेपुढे केले. कुठपर्यंत जिवंत होती? सापाला पापण्या नसतात. मेला तरी बघतच राहतो.

"कुणी विचारणार नाही," ऑर्लो म्हणाला.

विचारलं. फोटो पडद्यावर आला तेव्हा सभेत कुणी हसलं नाही. वकील चष्मा पुसत राहिला. अध्यक्षबाई, ज्यांच्या दुकानातून वर्ना वर्षानुवर्षं ब्रेड घेत आली होती, सवयीने म्हणाल्या, "वर्ना, नोंदीसाठी विचारते हं. हा काढला तेव्हा साप जिवंत होता?"

खरं सांगितलं, तर पाणी जाणार. आणि हललेले पट्टे दाखवले, तर नळी.

"होता," वर्ना म्हणाली.

परवानगी नाकारली गेली. कुणीतरी तिची पाठ थोपटली. ऑर्लो काठी टेकत आधीच बाहेर पडला होता.

सोमवारी पंप आले नाहीत. पाणी होतं तिथे होतं, चतुर होते, बेडूक होते. वर्ना कॅमेरा न घेता आली होती. कुंपणापासून ओळीने प्रत्येक बिळाशी ती ओणवी होत होती, गवत बाजूला करत होती, श्वास धरून ऐकत होती. आणखी एक असला, तर ते पाणी कुणाच्या तरी उपयोगाचं होतं.

दुपार झाली. ऑर्लोने लांबून हाक मारली. तिने हातानेच थांब म्हटलं आणि पुढच्या बिळाकडे सरकली.