डाव्या हाताचा आकडा

सन्माननीय वाचकहो, रक्तदाब नावाचा विकार मनुष्याच्या देहात कसा निमूटपणे वास करतो, आणि मनुष्य स्वतःच्याच देहाला कसा गप्प बसवू पाहतो, याविषयी एका क्रेनचालकाच्या आयुष्यातील हकीकत पुढे यथामती निवेदन केली आहे. ती लहान आहे. तथापि ज्याच्यावर गुदरली, त्याला ती लहान वाटली नव्हती.

"तो नको, काका. आधी उजवा हात द्या," नव्या सिस्टर म्हणाल्या.

घारमामांनी डाव्या हाताची बाही दंडापर्यंत गुंडाळून ठेवलीच होती. बांधकाम कंपनीच्या त्या लहानशा दवाखान्यात इतकी वर्षे त्यांचा डावाच हात तपासला जात असे, कारण टेबल भिंतीला चिकटून होते आणि खुर्चीत बसणाऱ्याचा डावाच हात त्याच्या बाजूला येई. जुन्या सिस्टरांनी त्यात कधी लक्ष घातले नाही. या नव्या बाईंनी मात्र रुजू होताच टेबल ओढून खोलीच्या मध्यभागी आणले होते. त्या टेबलाकडे पाहूनच मामांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"उजवा दुखतोय. डाव्याचंच घ्या की. हात हात सगळे सारखेच."

"सारखे असतील तर मग उजव्याला काय हरकत?" सिस्टर हसून म्हणाल्या, आणि मामांनी नाइलाजाने उजवी बाही गुंडाळायला घेतली.

घारमामा हे त्यांचे खरे नाव नव्हे. उंच मनोऱ्यासारख्या क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये बसून लोखंडाच्या मोळ्या आणि ओले काँक्रीट माणसांच्या डोक्यावरून अलगद फिरवणे हा त्यांचा व्यवसाय, म्हणून सोबत्यांनी त्यांना घार केले होते. त्या केबिनवर त्यांचा जीव होता. खाली कोणी ना कोणी सतत काहीतरी सुनावीत असे. वर गेले की वारा आणि ते, दोघेच. परंतु वर बसलेल्यास भोवळ आली तर खालच्यांचा चेंदामेंदा व्हायचा. यास्तव दरवर्षी डॉक्टरांचा दाखला मिळाला तरच शिडी चढता येई. निवृत्तीपर्यंत ही शिडी आपलीच राहावी, एवढीच त्यांची आकांक्षा होती.

त्या आकांक्षेवर पहिला घाला लेकीने घातला, तोही मायेने. तिने रक्तदाब मोजण्याचे यंत्र घरी पाठविले. बायकोने उत्साहाने उजव्या दंडाला पट्टा गुंडाळला, तर आकडा एकशे सत्तरावर गेला. मामा भडकले. त्यांनी पट्टा ओरबाडून डाव्या दंडावर बांधला, तर एकशे पस्तीसही भरेना. तेव्हापासून डावा हात हाच त्यांचा साक्षीदार ठरला. उजवा हात कष्टाचा, म्हणून तापट. डावा सुस्वभावी, असा सिद्धांत त्यांनी मांडला.

"डावा तुमच्या आईवर गेलाय," बायको म्हणाली होती, "आणि उजवा तुमच्यावर."

एवढे बोलून ती थांबली नाही. तिने मिठाची बरणी वरच्या फळीवर नेऊन ठेवली. जवळच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या ती ताटाशेजारी मांडू लागली, आणि मामा त्या गुपचूप खिशात टाकू लागले. अळणी जेवण, जावयाचा फोनवरून उपदेश, शेजाऱ्यांचे रोज पहाटे चालायला नेण्याचे आग्रह, यांनी त्यांना नको नको करून सोडले. जो तो माझ्या देहाचा मालक होऊन बसला आहे, असे त्यांना वाटे.

एक गोष्ट मात्र त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती. माळ्यावर पेटी ठेवताना, दिवा बदलताना, डावा हात भरून येई आणि शिशाचा होई. केबिनमध्ये क्रेनचा लांब दांडा फिरवण्याची मूठ नेमकी त्याच हाती. दोन फेऱ्यांच्या मध्ये ते तो हात मांडीवर टाकून थोडी विश्रांती देत. भार हवेतच अडखळे, आणि खालून खुणा करणारा झेंडेवाला वॉकीटॉकीवर डिवचे, "मामा, डुलकी लागली का?" अशा दिवशी मामा कोणाशी धड बोलत नसत.

दवाखान्यात सिस्टरांनी त्यांची पाठ खुर्चीला टेकवली, दोन्ही पाय जमिनीवर सरळ ठेवविले आणि थोडा वेळ निवांत बसविले.

"आता बोलायचं नाही. बोललं की आकडा चढतो."

"माझा न बोलल्याने जास्त चढतो," मामा पुटपुटले.

उजव्याचा आकडा एकशे बहात्तर आला, डाव्याचा एकशे चौतीस. मामांनी यंत्राला दोष दिला. सिस्टरांनी न चिडता हवेचा पंप असलेले जुने यंत्र काढले, कानाला नळ्या लावल्या आणि दोन्ही हात पुन्हा तपासले. अंतर तेवढेच राहिले.

"काका, दोन्हींत जो जास्त, तो खरा धरायचा."

"वा. म्हणजे जो जास्त आरडाओरडा करील त्याचं खरं. हा कुठला न्याय?"

सिस्टर क्षणभर विचार करून म्हणाल्या, "पाइप मध्येच चेपला तर टोकाला पाणी बारीक येतं ना? त्यावरून पंप हळू चाललाय असं म्हणाल का? तुमच्या डाव्या हाताच्या वाटेवर नस कुठेतरी अरुंद झाली असणार. आकडा म्हणून कमी येतोय. काम करताना हा हात भरून येतो?"

"नाही."

"बरं. दोन्ही हात वर धरा. मुठी उघडा, मिटा. मी सांगेपर्यंत."

मामांनी हात वर केले. खिडकीतून क्रेन दिसत होती. बांधून घेतलेले लोखंड खाली तयार होते आणि माणसे चालक येण्याची वाट पाहत उभी होती. त्यांत झेंडेवालाही होता, मान वर करून. मामांनी दात आवळले. उजवी मूठ घड्याळासारखी चालली होती. डावी मंदावली, मग बोटे मिटेनात. हात आधी कानाशी आला, मग खांद्याशी. त्यांनी तो पुन्हा वर ढकलला. तो राहिला नाही.

सिस्टरांनी तपासणीचा कागद पुढे ओढला. मामा खिडकीकडे पाहत बोलले.

"वर पण होतं असं. भार हवेत असताना."

"हे लिहू का?"

"लिहा."

दाखला मिळाला नाही. पुढे मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या, नस अरुंद असल्याचे निष्पन्न झाले, गोळ्या जन्माच्या ठरल्या आणि मामांना खाली सामानाच्या कोठीत काम मिळाले. रागवायचे तरी कोणावर, हेच त्यांना कळेना. सिस्टर खऱ्या होत्या, बायको खरी होती, यंत्रही खरे होते. त्या वैतागात त्यांनी एकदा ताट सरकवले आणि नंतर स्वतःच पुढे ओढून घेतले.

केबिनमध्ये त्यांची बसायची गादी राहिली होती. बदली चालकाने ती एका संध्याकाळी क्रेनच्या आकड्याला बांधून खाली सोडली. टनावारी लोखंड उचलणारा तो आकडा एवढीशी गादी घेऊन सावकाश उतरू लागला. खाली झेंडेवाल्याने सगळ्या खुणा रीतसर केल्या, जणू मोठाच भार येत होता. गादी जराही झोके न घेता मामांच्या छातीशी येऊन थांबली.

मामांनी सवयीने डावा हात पुढे केला. मग तो मागे घेतला, आणि गादी उजव्या हाताने सोडवून घेतली.

येथे ही हकीकत संपते. आपण ती शेवटपर्यंत वाचलीत, याबद्दल मी आपला अत्यंत ऋणी आहे.

आपला नम्र,
त्या संध्याकाळी खुणा करणारा,
झेंडेवाला