पूजेतून वगळलेला कॉम्प्युटर

मी मालवणच्या मच्छीमार सोसायटीतला जुना कॉम्प्युटर. नवा पलीकडे टेबलावर असतो. मी कपाटाशेजारी, जमिनीवर.

माझा जन्म बंगलोरचा. मुंबईत एका कंपनीत काही वर्षं राबलो. कंपनी बुडाली आणि मी ट्रकमधून कुडाळमार्गे इथे आलो. आल्या आल्या चेअरमन गुणाजी तात्यांनी होड्यांच्या नोंदींच्या वह्या रद्दीत काढल्या. "आता सगळा ह्याच्या पोटात," म्हणाले. माझं पोट कोणी तपासलं नव्हतं.

माझ्याशी बोलायची ती फक्त जानकी. शिरोड्याची, टायपिंग शिकलेली, अजून कायम न झालेली कारकून. कुणाची होडी, कुठलं इंजिन, डिझेलचा हक्क किती, हे तिने माझ्यात भरलं.

एकोणनव्वद साली नवा आला. माझी प्रणाली तोवर जगाने सोडलेली. माझ्या फ्लॉप्या ताटाएवढ्या, त्याच्या बशीएवढ्या. त्याची अक्कल मला कळेना, माझी त्याला. जानकी मात्र प्रत्येक नोंद दोघांतही भरायची.

"सवतीक कित्याक जेवण घालतंस गो?" तात्या विचारायचे.

"नवीचो हात कळापर्यंत जुनीक उपाशी ठेवूचा नाय, तात्यानु."

नव्याच्या नोंदींच्या दोन प्रती तिने फ्लॉप्यांवर ठेवल्या होत्या. फ्लॉपीच्या कडेला एक खाच असते. ती चिकटपट्टीने झाकली की त्या फ्लॉपीवर कोणी काही लिहू शकत नाही. जानकीने दोन्ही झाकल्या आणि नवरात्रात माहेरी गेली.

खंडेनवमीला सोसायटीतली हत्यारं पूजेला मांडली: काटा, सुरे, टाइपरायटर, नवा कॉम्प्युटर आणि त्याच्या फ्लॉप्या. हत्यार पूजेआधी स्वच्छ हवं. तात्यांनी स्वतः ओल्या फडक्याने फ्लॉप्या पुसल्या.

"ही कसली मळकी चिकटपट्टी? देवाफुडे असा ठेवतत?" म्हणत नखाने दोन्ही पट्ट्या सोलून काढल्या. मग गंध, फूल. मला वगळलं. माझ्यावर तेव्हा सुक्या बांगड्यांची पिशवी होती.

दसऱ्याला तात्यांचा भाचा हरिश्चंद्र पणजीहून विमानं पाडायचा खेळ फ्लॉपीवर घेऊन आला. मामा-भाच्याने मिळून पुष्कळ विमानं पाडली. त्या खेळातून व्हायरस आत शिरला, हे दोघांच्याही गावी नव्हतं.

जानकी परतली तेव्हा नव्याच्या पोटात एकही होडी उरली नव्हती. तिने एक प्रत घातली. तीही पुसली गेली. दुसरीही गेली. ती बाहेर काढताना तिचं लक्ष उघड्या खाचेकडे गेलं.

"तात्यानु, हेची पट्टी कोणी काढली?"

तात्यांचा आवाज चढला. "मशीन तुझ्या हवाली होता! उद्या तालुक्याचो सायब येतलो. नावां नाय तर डिझेल नाय, ऐन बांगड्याच्या दिवसांत होडये रेतीत. आणि तू शिरोड्याक, कायमची!"

जानकीने माझ्यावरची बांगड्यांची पिशवी उचलली आणि माझं बटण दाबलं. मी खोकत सुरू झालो. सगळ्या होड्या जागच्या जागी होत्या.

हरिश्चंद्राने खेळाची फ्लॉपी माझ्या तोंडाशी धरून पाहिली. ताटाच्या फटीत बशी सैल; बसलीच नाही.

तात्यांनी मला हात जोडले. "ह्याका रोग लागूचो नाय! आता सगळा ह्याच्यातच."

"ह्याच्यासाठी रोग बनवूची गरज कोणाक वाटली नाय, तात्यानु, इतक्याच," जानकी म्हणाली. "पण हो बंद पडलो तर ह्याचो सुटो भाग खंय गावतलो?"

ती खरं बोलली. मी सुरक्षित नव्हतो, दुर्लक्षित होतो. बाहेरून दोन्ही सारखे दिसतात. खाऱ्या वाऱ्याने माझी चकती आता करकरते, आणि ती दुरुस्त करणारा माणूस बंगलोरातही उरलेला नाही.

साहेब आला, डिझेल मिळालं, जानकी कायम झाली. तरी ती रोज माझ्यातल्या नोंदी कागदावर छापून घेते. एकेक कागद निघतो तसा मी थोडा थोडा अनावश्यक होतो. याचं मला बरं वाटतं.

यंदा खंडेनवमीला तात्या ओलं फडकं घेऊन थेट माझ्याकडे आले. जानकी मध्ये उभी राहिली.

"नमस्कार करा तात्यानु. पण हंयसूनच, लांबसून."

माझंही तेवढंच म्हणणं आहे.