पाटावर कोण बसणार

मित्रांनो, जुना आहे मी, पण मोडीत निघालेलो नाही. मी सागवानी पाट. एका सुतारानं निकामी दाराच्या फळीतून मला घडवलं आणि कोपऱ्यांना पितळी फुलं ठोकली. माझ्यावर कुणी बसायचं आणि कुणी नाही, हे त्यानं कुठेही कोरलं नाही. ते माणसांनी ठरवलं.

वर्षभर मी कपाटामागे उभा असायचो. भाऊबीज आली की ताई मला ओल्या फडक्यानं पुसायची, भोवती रांगोळी काढायची आणि माझ्यावर धाकटा बसायचा. ओवाळून होईपर्यंत त्याची नुसती चुळबुळ. त्याच्यावर माझा राग नाही. पण ताईचे मला फक्त हातच ठाऊक होते. वडील गेले तेव्हा तिनं कॉलेज सोडून त्यांचं वेल्डिंगचं दुकान चालवायला घेतलं. दर वर्षी त्या हातांवर ठिणग्यांचे नवे डाग दिसायचे. धाकट्याचं शिक्षण, आईचं ऑपरेशन, सगळं त्याच हातांनी निभावलं.

पुढे धाकटा नोकरीसाठी लांब गेला. एका भाऊबिजेला त्याला सुट्टी मिळाली नाही. आईनं माझ्यावर तांब्या ठेवला, त्याला मोबाइल टेकवला आणि म्हणाली, "हं, ओवाळ गं."

धाकट्याचा चेहरा दिसला, अडकला आणि गेला.

"लागेल पुन्हा. थांब जरा," आई म्हणाली.

ताई तबक घेऊन ताटकळत राहिली. निरांजनातलं तूप संपत आलं. मग तिनं तबक आईच्या हातात दिलं, मोबाइल आणि तांब्या बाजूला ठेवला आणि सरळ माझ्यावर बसली.

"हे काय?" सोफ्यावरून काका म्हणाले. "पाटावर भाऊ बसतो."

"भाऊ राखतो म्हणून त्याला ओवाळतात ना, काका? मग हे घर कोण राखतंय, तेवढं सांगा. मी उठते."

काका आईकडे वळले. "वहिनी, तुम्ही तरी सांगा हिला. रीत म्हणून काही आहे की नाही?"

आईनं निरांजनात तूप घातलं.

"भावजी, जरा सरका. उजेड अडतोय."

मग तिनं ताईला कुंकू लावलं. तेवढ्यात फोन लागला. पाटावर ताईला पाहून धाकटा हळूच म्हणाला, "आई, माझ्या वाटचंही ओवाळ तिला."

काका न जेवता गेले. पुढच्या भाऊबिजेला आलेच नाहीत. न येवोत. धाकटा मात्र आला. आधी ताई बसली, मग तो, आणि त्यानं ताईला ओवाळताना अर्ध्या अक्षता माझ्यावरच सांडल्या.

मित्रांनो, मला वाळवीपासून जपा, कोरडं ठेवा. पण त्याआधी आपल्या घरात बघा. सगळ्यांसाठी झिजलेलं आणि पाटावर कधीच न बसलेलं कुणीतरी असेल. हाताला धरून त्याला बसवा. वजन पेलायला मी खंबीर आहे.