एकोणपन्नासावी जागा

स्फटिक मिठाच्या कणाहून बारीक. क्ष-किरणांचा मारा सुरू झाला की तो मरायला लागतो. मरेपर्यंत जेवढे फोटो मिळतील तेवढे काढून घ्यायचे.

पप्पांचा खालचा, पुढचा दात. केळीच्या आळ्यात पडलेला.

नायलॉनची दोरी, दोन हात.

सख्खे भाऊ. बांधा एक, वळणं तीच. एकाच्या हातात सुरी, दुसऱ्याचा हात रिकामा. दोघं जातात तिथे मुडदा पडतो.

लोणच्याची बरणी. धुऊन उन्हात पालथी घातलेली.

*

मी स्टेफी. घर निर्मळला, काम मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत. ज्या कुटुंबावर माझा प्रबंध आहे ते सापांच्या विषात राहतं. प्रथिनांचं कुटुंब. प्रत्येक जण म्हणजे सव्वाशेच्या आसपास मण्यांची माळ, ठरल्या घडीत दुमडलेली. एकोणपन्नासाव्या जागचा मणी कॅल्शियमचा एक अणू धरतो, आणि त्याच्या जोरावर प्रथिन पेशीचं आवरण कापतं.

फुरशाच्या विषात एक भाऊ असा आहे की त्याच्या एकोणपन्नासाव्या जागी भलताच मणी. कॅल्शियम धरवत नाही. कापता येत नाही. तरी स्नायूत सोडला की स्नायूचा लगदा.

कसा? प्रथिनाच्या एका स्फटिकात ते दिसत नाही. तो रिकामा बघायचा, मग चरबीचा रेणू तोंडात धरलेला बघायचा, आणि दोन्ही आकृत्या एकमेकींवर ठेवून काय हललं ते शोधायचं. पहिला स्फटिक झाला. दुसऱ्याच्या आधी विष संपलं. नवीन मिळायला परवानग्यांचे सहा महिने.

हे मी नाताळच्या जेवणावर बोलले. धाकटा भाऊ केनी म्हणाला, "एका फुरशापायी तुझी डॉक्टरकी अडली, बाय? आपल्या वाडीत शोध की!"

सगळे हसले. मीही.

*

फेब्रुवारीतला रविवार. चर्चमधून मिस्सा आटोपून आलो होतो. वाडीत केनीचा कोयता एकदाच पडला.

"बाय, बरणी आण! तुझा माल!"

सापाचं तोडलेलं मुंडकं बराच वेळ चावू शकतं, हे त्या घरात एकट्या मला ठाऊक होतं. ओरडायला एक शब्द पुरला असता. मला दुसरा स्फटिक दिसला. मी बरणीकडे वळले.

मागे किंकाळी.

मुंडकं केनीच्या अंगठ्याच्या मुळाशी लटकत होतं. तो हात झटकत होता, ते सुटत नव्हतं. पप्पांनी त्याचा हात दगडावर आपटून धरला आणि कोयत्याच्या पाठीने मारलं. एकदा, दोनदा. मुंडक्याचा चेंदा झाला. केनीचं एक हाड कडकन वाजलं.

शेजारचे गंगारामकाका दोरी घेऊनच आले. मनगटाला फास, फासात काठी, काठीला पीळ. पंजा जांभळा पडायला लागला.

"सोडा ती! विष तिथेच कोंडतंय, मांस सडेल!"

"तू गप," काका म्हणाले. "माझ्या मेव्हण्याला अशीच बांधली होती. जगला."

"त्याचा हात कुठाय?"

"कापला. पण जगला ना?"

"हात गेला तर जाऊ दे," पप्पा रडत होते. "पोरगा राहू दे."

मी काठीवर झेपावले. पप्पांनी मला केसांना धरून मागे ओढलं. मी कोपर मारलं, पूर्ण ताकदीने, आणि ते तोंड धरून खाली बसले. काकांचं मनगट मी दातात धरलं. रक्त जिभेला लागलं तरी सोडलं नाही. काठी सुटली. दोरी निघाली. केनी पाल्यावर पडून हिरड्यांतून रक्त थुंकत होता.

*

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "फुरसं जिवंत होतं?"

"मेलेलं."

त्यांनी मान वर केली. "मेलेलं चावलं?"

सुया लागल्या, बाटल्या चढल्या. दुसऱ्या दिवशी हिरड्या वाहायच्या थांबल्या, त्याचं रक्त पुन्हा गोठायला लागलं. रक्तातलं विष औषधाने आवरलं. स्नायूत शिरलेलं नाही. अंगठ्याखालचा उंचवटा काळा झाला, मग मऊ. चौथ्या दिवशी तो कापून काढला.

"कुठल्या भावाने केलं गं हे?" केनीने विचारलं. "सुरीवाल्याने की रिकाम्याने?"

"सांगता येत नाही. सगळे एकदम शिरतात."

"मग शिकलीस काय?"

बरणीबद्दल पप्पांना मी अजून सांगितलेलं नाही. केनीने विचारलेलं नाही.

*

परवानगीचं विष ऑगस्टमध्ये आलं. दुसरा स्फटिक झाला. दोन्ही आकृत्या एकमेकींवर ठेवल्या. चरबी तोंडात आली की रिकाम्या भावाचे दोन रेणू एकमेकांवर निराळे रेलतात. सुरी लागत नसावी. दोघं मिळून पेशीची भिंत फोडत असावेत. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, सुंदर.

केनीच्या अंगठ्याला पकड नाही.

कोयता पडला तेव्हा फुरसं कुंपणाखालून वाडीबाहेर चाललं होतं.