उणे पन्नासवरचा आवाज

खोक्याची चिकटपट्टी एकदा कापून पुन्हा लावलेली होती. मुनाफचा संशय तिथूनच सुरू झाला.

होणाऱ्या जावयाने, इम्रानने, दुबईहून सुट्टीवर येताना होम थिएटर आणलं होतं आणि महाडला मुनाफच्या हॉलमध्ये स्वतः जोडून दिलं होतं. खोकं कस्टमवाल्यांनी उघडलं, असं तो म्हणाला होता.

"उघडलं असंल. पण आत जुनी मशीन कोणी घातली?" मुनाफ बहिणीला म्हणाला. महरुन्निसा शाळेत विज्ञान शिकवायची. "पडद्यावर आवाजाचा आकडा येतो ना, शून्य म्हंजे पुरा आवाज. समोरच्या घरातल्या आदिलचा सेट उणे चाळीसवर नीट वाजतो. आमचा उणे पन्नासवरच कान खातो. पुढं नेताच येत नाय. अर्धी मशीन मेलेली हाय. शुक्रवारी पोलादपूरला जाऊन इम्रानच्या बापाला नकार देतो."

त्याची मुलगी नशरा दारात उभी होती. "अब्बा, एका मशीनपायी?"

"जो खोक्यात फसवतो, तो संसारात काय करील गो?"

महरुन्निसाने स्पीकर वळवून पाठीमागचे आकडे वाचले. एका वॅटला पुढचे सत्त्याण्णव डेसिबल, मागचे सत्त्याऐंशी. "भाई, पुढचे स्पीकर थोड्या विजेत जास्त आवाज देतात. म्हणून आकडा खाली राहतो."

"तुला सगळ्यांचं खरं वाटतं."

दुसऱ्या दिवशी तिने शाळेतून आवाज मोजायचं मीटर आणलं. पंखा बंद करून ते बसायच्या जागी, कानाच्या उंचीवर धरलं. उणे पन्नासवर ठेवून तपासणीचं बटण दाबताच मशीन एकेका स्पीकरमधून स्टोव्हसारखा फरफर आवाज काढू लागलं. पुढे पंचाहत्तर, मागे पासष्ट. तिने पुढच्यांची पातळी दहाने उतरवली आणि मुख्य आवाज दहाने चढवला. चारही बाजूंना पंचाहत्तर झाले. पडद्यावर उणे चाळीस दिसत होतं.

"बघ," मुनाफ म्हणाला. "आदिलच्या आकड्यावर आलं. म्हणजे बिघाड होता. तू दुरुस्त केलास."

महरुन्निसाने केलेलं सगळं मागे घेतलं. या वेळी पुढचे तसेच ठेवून मागचे दहाने वाढवले. मीटरवर पुन्हा सगळीकडे पंचाहत्तर आले, पडद्यावर मात्र उणे पन्नास.

"आता दुरुस्त काय झालं, सांग."

मुनाफने मीटर हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "हे इम्रानच्या हाताखालून गेलंय का?"

"शाळेच्या कपाटातून आलंय."

तो उठला, चपला घातल्या आणि आदिलकडचा एक स्पीकर काखेत मारून घेऊन आला. "पुढचा काढ. हा लाव."

तिने लावला. उणे पन्नासवर मीटर पासष्टच्या वर जाईना. मुनाफ स्वतः रिमोट दाबत राहिला. अठ्ठेचाळीस, पंचेचाळीस, चाळीस. मशीन कुठे अडखळलं नाही. आदिलच्याच आकड्यावर मीटरवर पंचाहत्तर आले. तो अजून पुढे गेला, शेवटी नशराने कानांवर हात ठेवले.

त्याने आवाज बंद केला. आदिलच्या स्पीकरची वायर सोडवायला त्याला बराच वेळ लागला.

"शुक्रवारी पोलादपूरला जायचंच," तो खाली बघत म्हणाला. "मंगनीची तारीख ठरवू. हे सगळं इम्रानला कळायची काय गरज नाय."

"मी आजच फोन करून सांगणार आहे," नशरा म्हणाली.

"कशाला?"

"त्याच्यावर फसवणुकीचा आळ घेतला होता आपण, अब्बा. ते ऐकूनही त्याला हे घर हवं असेल, तर शुक्रवारी जा."

मुनाफने बहिणीकडे पाहिलं. ती मीटरची पेटी बंद करत होती.

"फोन मला दे," तो म्हणाला. "मी सांगतो."